तीस खणांच्या पाट्या

मी स्टील चमकवतो आणि माझी वहिनी ते खराब करते, असं मी गिऱ्हाइकांना गेली बावीस वर्षं सांगत आलोय. गिऱ्हाइकं हसतात, वहिनी कानाआड करते, आणि कात्री असो, सुरी असो, कुलूप असो, वस्तू शेवटी तिच्याच हातात जाते. माझ्याकडून निघते तेव्हा तिच्यात बघून भांग पाडता येतो. वहिनीकडून निघते तेव्हा तिच्यावर वेल चढलेली असते. लोक वेल बघून तोंडात बोट घालतात. खालच्या चकाकीबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही असं मी म्हणतो.

घर एकच. खाली वर्कशॉप, वर राहायचं. माणसं तीन: दादा, वहिनी आणि मी. दादा माझा मोठा भाऊ, साचे बनवणारा कारागीर. मी बफिंगच्या चाकावर. लग्न मी केलं नाही. वहिनी म्हणते, भाऊजींचं लग्न त्या चाकाशीच लागलंय, आणि चाकाला आता पश्चात्ताप होत असणार.

दादाला बाजारात सगळे ‘केसभर’ म्हणतात. कुणी काहीही बनवून दाखवलं तरी तो ते हातात फिरवायचा, उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, “केसभर बाहेर आहे.” स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नाही, पण दुसऱ्याच्या कामात तो एक केस हमखास सापडायचा. माझ्या पॉलिशमध्ये सापडायचा, वहिनीच्या वेलीत सापडायचा. एकदा टेलर मास्तरांच्या मोठ्या कात्रीवर वहिनीने पात्यापासून मुठीपर्यंत वेल उतरवली होती. ती इतकी देखणी झाली की मास्तर आठवडाभर त्या कात्रीने कापड कापेनात, काचेखाली ठेवून बसले. दादा ती बघून म्हणाला, “तिसरं वळण घाईत घेतलंयस.” वहिनीने नंतर भिंगातून पाहिलं. घाईतच घेतलं होतं.

वहिनीचं काम मागच्या खोलीत चालतं. एक खिडकी, एक सिंक, एक टेबल. मी तिला कितीही टोमणे मारले तरी ती काम करताना मी दारात उभा राहून बघतो, आणि कुणी पकडलं तर चहाची विचारणा करायला आलो होतो असं सांगतो. आधी ती स्टील सोड्याने घासून धुते. पाणी थेंब न धरता सरसर पसरलं की स्टील स्वच्छ झालं. त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की वॉर्निश तिथे धरत नाही. मग काळ्या वॉर्निशचा पातळ हात. तो वाळला की हातात दाभण घ्यायचा आणि त्याने वॉर्निश तेवढं बाजूला सारत जायचं, म्हणजे रेघेपुरतं स्टील उघडं पडतं. कागदावर नक्षी काढणं नाही, पेन्सिलची खूण नाही. ती खुर्ची पुढे ओढते, श्वास घेते आणि दाभण टेकवते, की वेल निघालीच. पानाला पान फुटत जातं आणि एकही पान दुसऱ्यासारखं नसतं. मग तो तुकडा तोंड खाली करून तांबूस पाण्यात टांगायचा. ते पाणी म्हणजे फेरिक क्लोराईड. उघडं स्टील खातं, झाकलेल्याला हात लावत नाही. आम्ही त्याला नुसतं ‘पाणी’ म्हणतो, आणि माझ्या तीन शर्टांवर त्याचे डाग आहेत. घड्याळ ती बघत नाही. तुकडा वर काढते, दाभणाचं टोक रेघेत घालते, “अजून दोन मिनिटं” म्हणते. कधी चुकत नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी बोललेलो नाही, म्हणून इथे सांगतो: असा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

दादाचे डोळे दोन वर्षांपूर्वी जायला लागले. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. डॉक्टरांनी बरंच काही समजावलं. दादाने घरी येऊन आम्हाला एका वाक्यात सांगितलं, बल्ब ठीक आहे, वायर गेली. आता त्याला उजेड-अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, बाकी काही नाही.

तरी तो खाली येत राहिला. भोकात हाताने आटे पाडायला डोळे लागत नाहीत. टॅप नावाचं हत्यार भोकात सरळ धरायचं आणि मनगटाच्या अंदाजाने फिरवायचं, आणि दादासारखं मनगट आमच्या गल्लीत दुसरं नाही. मी भोकं पाडून द्यायचो, तो आटे पाडायचा. अडचण एकच होती. भिंतीला लावलेल्या कपाटात त्याच्या हत्यारांचे तीस छोटे खण आहेत, पाच ओळी, ओळीत सहा. प्रत्येक खणावर त्याने स्वतः रंगाने लिहिलेला आकडा, आणि तोच त्याला दिसेना. एका सकाळी त्याने टॅप उचलून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “हा कितीचा रे?” मी सांगितलं. त्याने तो टॅप परत खणात ठेवला, हात पुसले आणि वर निघून गेला. आयुष्यभर त्याला सगळ्यांनी मापं विचारली होती. त्याला कुणाला विचारायची वेळ आली नव्हती.

त्यानंतर तो वर खिडकीपाशी बसायचा. खाली चाकाचा आवाज बदलला की वरून काठी आपटायचा, एवढाच त्याचा आमच्या कामाशी संबंध उरला. जेवायला बोलावलं की जेवायचा. महिनाभरात तो इतका म्हातारा दिसायला लागला की मी त्याच्याकडे बघायचं टाळायला लागलो.

वहिनी कामाला लागली. तिने माझ्याकडून पोलादी पत्र्याच्या तीस पाट्या कापून घेतल्या, खेळायच्या पत्त्याच्या अर्ध्या आकाराच्या, आणि मला चमकवायला दिल्या. प्रत्येक खणाला एक पाटी, प्रत्येक पाटीवर वेगळी वेल, म्हणजे दादाने नुसतं बोट फिरवलं की कुठलं हत्यार ते कळावं. पाच आठवडे ती मागच्या खोलीतून फक्त झोपायला आणि स्वयंपाकाला बाहेर यायची. कमळ, जाई, घेवडा, द्राक्ष, कारलं, काय काय तिने त्या पाट्यांवर उतरवलं. संध्याकाळी दादाशेजारी बसून ती सांगायची, आज तिसऱ्या ओळीतली चौथी झाली, जाड आट्यांच्या आठ मिलिमीटरला कमळ दिलंय, त्याच्या शेजारी बारीक आट्यांच्या आठला जाई. दादा ऐकून घ्यायचा.

पाट्या बसवल्या त्या दिवशी टेलर मास्तर आले, समोरचा वेल्डर आला. वहिनीने दादाला हात धरून खाली आणलं. त्याने एकेका पाटीवरून बोटं फिरवली आणि नाव घेतलं. कमळ. जाई. द्राक्ष. तीसच्या तीस बरोबर. वेल्डरने टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी डोळे पुसले. आणि दादा प्रत्येक पाटीला “वा” म्हणाला. “सुरेख झालीय” म्हणाला. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. ज्या माणसाने सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोच्या एका पानाला धड चांगलं म्हटलं नाही, तो एका दुपारी तीस वेळा वा वा करतो, आणि आम्ही सगळे शहाणे नुसते खूश होतो.

दोन महिने सगळं छान चाललं. दादा रोज खाली यायचा, खणांवरून हात फिरवायचा, हवं ते हत्यार काढायचा. कुणाला काही विचारायचा नाही. माझ्याशी भांडायलाही लागला होता.

मग मी माती खाल्ली. पाट्यांवर बोटं फिरून फिरून त्या काळपट पडायला लागल्या होत्या, आणि माझ्या हातचं स्टील काळं पडलेलं मला बघवत नाही. एका दुपारी दादा जेवायला वर गेला असताना मी तिसऱ्या ओळीतले दोन खण काढून चाकाशी नेले, पाट्यांच्या कडा चमकवल्या आणि खण परत बसवले. बसवताना उलटापालट झाली. चौथा पाचव्याच्या जागी, पाचवा चौथ्याच्या. मला पत्ताही नाही.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचा साचा पुरा करायचा होता. त्यात बारा भोकं, आठची. दादाने खण उघडला, टॅप घेतला, बारा भोकांत आटे पाडले. मी बोल्ट लावायला गेलो तर एकही बोल्ट दोन फेऱ्यांपुढे जाईना. दोन्ही टॅप आठचेच, जाडी तीच, पण एकाचे आटे जाड आणि दुसऱ्याचे बारीक. टॅपवर नख फिरवलं असतं तर दादाला कळलं असतं; पण स्वतःच्या खणावर कोण संशय घेतो? बारा भोकं वाया गेली. मला नवा ठोकळा घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

त्या ठोकळ्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. मी कपाटासमोर उभा होतो. खण मी चुकीच्या जागी बसवला, कबूल. पण पाटी तर खणावरच होती. खण कुठेही ठेवला असता तरी बोटांखाली जाई आल्यावर जाई कळायला हवी होती. वहिनीही येऊन उभी राहिली. तिने एकदा खणांकडे पाहिलं, एकदा दादाकडे.

“तुम्ही खण मोजता,” ती म्हणाली. “पाट्या वाचत नाही.”

दादाने चाचपून खण बंद केला. मग म्हणाला, “मला सगळ्या सारख्याच लागतात गं. नुसत्या खरखरीत. तू रोज सांगायचीस ना, कुठल्या खणाला काय, ते पाठ केलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तुझं काम मला यापुढे दिसणार नाही, हे मला कळलं तेवढं पुरे होतं. तुला कशाला कळवायचं?”

वहिनी माझ्यापेक्षा शांत स्वभावाची आहे. त्या संध्याकाळी मात्र तिचा आवाज चढला. ती म्हणाली, “मी कौतुकासाठी नव्हतं केलं. तुम्ही खाली यावं म्हणून केलं होतं.” दादा काठी घेऊन वर गेला. दुसऱ्या दिवशी उतरला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. खण मोजायचा विश्वासही आता उरला नव्हता, आणि तो मीच घालवला होता. मी माफी मागायला गेलो तर म्हणाला, तुझी काय चूक, आंधळ्याने उगाच कारागिरी करू नये. हे त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी वहिनीने मला बोलावलं. टेबलावर तीसही पाट्या होत्या. तिने डोळ्यांवर रुमालाची घडी बांधली आणि मला म्हणाली, कुठल्याही क्रमाने द्या. मी दहा दिल्या. तिने अगदी मन लावून बोटं फिरवली. दोन ओळखल्या, आणि त्यातली एक अंदाजाने, असं तिनेच सांगितलं. स्वतःचीच लेकरं ओळखू येईनात, म्हणाली, आणि हसली. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

पहिल्यांदा तिला वाटलं, रेघा खोल केल्या की भागेल. ती तासभर टांगायची ते तीन तास टांगायला लागली. पण पाणी नुसतं खाली खात नाही, बाजूलाही खातं. दोन रेघांमधली भिंतच ढासळायची आणि जाईच्या जागी एक खड्डा उरायचा. असे सात पत्रे वाया गेले. मी कापून देत राहिलो. एरवी एक पत्रा वाया गेला तर मी दिवसभर ऐकवतो. या वेळी दातखीळ बसल्यासारखा गप्प होतो.

मग एका सकाळी, डोळ्यांवर पट्टी तशीच असताना, ती फडकं शोधायला टेबलावर हात फिरवत होती आणि बोट अडलं. टेबलावर वॉर्निशचा एक थेंब सांडून वाळला होता, मोहरीएवढा. ती त्याच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत बसली. मला हाक मारून म्हणाली, “भाऊजी, बोट खड्ड्यावरून घसरतं. उंचवट्याला अडतं.”

बावीस वर्षं ती रेघ उघडी ठेवायची आणि बाकीचं झाकायची. आता तिने सगळं उलटं केलं. चित्र झाकायचं, बाकीचं सगळं पाण्याला खाऊ घालायचं, म्हणजे चित्र वर उरतं. ऐकायला सोपं वाटतं. पण एवढा मोठा भाग खाऊन घ्यायचा तर सहा-सात तास लागतात, आणि तेवढ्या वेळात झाकलेल्या भागाच्या कडेचं वॉर्निश सुटायला लागतं. ती दर अर्ध्या तासाने पाटी काढायची, धुवायची, वाळवायची, बारीक ब्रशने कडा पुन्हा शिवल्यासारख्या लिंपायची आणि परत टांगायची. तिला कमळाचा मोह सोडावा लागला, जाईचाही. एका ओळीला पान, एकीला कळी, एकीला मासा, एकीला शिंपला, एकीला पीस. लहान मापाला एक, पुढच्याला दोन, असं सहापर्यंत. वेलीची एवढी हौस असलेली बाई, एका पाटीवर तीन पानं काढून हात आवरायची. मला वाटतं, तिला सगळ्यात जड तेच गेलं असणार.

माझं काम तिने एका वाक्यात सांगितलं: वरचं चित्र आरशासारखं करा आणि खालच्या खरखरीत भागाला हात लावू नका. असं अर्धवट काम माझ्या हातून कधी गेलेलं नाही. चाकावर पाटी धरली की हात आपोआप कोपऱ्यात जायचा आणि मी तो मागे ओढायचो. वरून काठी आपटली जायची, चाकाचा आवाज असा तुटक का येतोय म्हणून. वहिनीने सांगून ठेवलं होतं, उत्तर देऊ नका. पण डोळे मिटून मी एका पाटीवर बोट फिरवलं तेव्हा खरखरीत जमिनीवर ते गुळगुळीत पान असं काही हाताला लागलं की मी वहिनीला म्हणालो, मानलं तुला. ती म्हणाली, थांबा, अजून ज्याने मानायचं त्याने मानलेलं नाही.

तीन आठवड्यांनी तीस पाट्या तयार झाल्या. वहिनीने त्यातली एक उचलली, तीन पानांची, आणि चहाच्या कपाबरोबर वर घेऊन गेली. मी मागोमाग गेलो आणि काळ्या हातांनी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. तिने दादाच्या हातात पाटी दिली आणि काहीच सांगितलं नाही. ना ओळ, ना खण, ना चित्राचं नाव.

त्याने अंगठा फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला, या वेळी सावकाश, पानांच्या कडेकडेने, एकेक देठ धरून. चहा निवत होता. वहिनीने स्वतःचा पदर मुठीत इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

“तीन पानं,” दादा म्हणाला. “मधल्याचा देठ खालच्या अंगाने खाल्ला गेलाय. वॉर्निश सुटलं होतं तुझं.”

ती पाटी मी दोनदा चाकावर धरली होती, उजेडात बघितली होती. मला काही दिसलं नव्हतं. वहिनी त्याच्यासमोर खालीच बसली.

“परत सांगा,” ती म्हणाली.

“देठ खाल्लाय म्हटलं. आता काय ऐकूही येईनासं झालं का?” दादा वैतागून म्हणाला. मग तो गप्प झाला, कारण वहिनी रडत होती आणि त्याला ते ऐकू येत होतं. त्याने हात पुढे केला, तिचं डोकं सापडेपर्यंत चाचपडत नेला आणि तिथेच ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, “बाकीच्या कुठे आहेत?”

“खाली.”

तो उठला. काठी न घेताच उठला, मला जिन्यातून बाजूला सारलं आणि खाली उतरला. कुठल्या ओळीला कुठलं चित्र एवढंच वहिनीने सांगितलं, आणि त्या दुपारी त्याने तीसही पाट्या पाहिल्या. पाहिल्या असंच म्हणतो मी. वहिनी सगळ्या मिसळून, क्रम मोडून हातात देत होती आणि तो आधी कुठला खण ते सांगायचा, मग चूक काढायचा. माशाचं शेपूट आखूड. दोन कळ्यांत अंतर कमी. शिंपल्याची एक कड बसलेली. वहिनी एकेक चूक वहीत लिहून घेत होती, आणि तिचं तोंड असं फुललं होतं की टेलर मास्तरांनी कात्रीचं कौतुक केलं तेव्हाही तसं फुललं नव्हतं.

सतरा चुका निघाल्या. अठराव्या वेळी त्याने पाटी माझ्या दिशेला धरली. “या पिसाच्या टोकाला पॉलिश पोचलेलं नाही. हे तुझं.”

एरवी मी तासभर वाद घातला असता. “हो दादा,” म्हणालो आणि पाटी घेऊन चाकाशी गेलो. चाक सुरू केलं, पण पाटी मला नीट दिसेना, म्हणून बाहीने डोळे पुसून होईपर्यंत ते तसंच रिकामं फिरू दिलं.